झांझिबार आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव (झिफ): पाहायला जाणाऱ्यांचे आणि सिनेमा पाठवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झिफ म्हणजे नेमकं काय?

टांझानियाच्या किनाऱ्यासमोर झांझिबार बेटं आहेत. त्यातल्या उंगुजा बेटावर स्टोन टाउन हे जुनं बंदरगाव आहे आणि हा महोत्सव तिथे भरतो. संस्थेची स्थापना १९९७ सालची, पहिला महोत्सव १९९८ चा. सुरुवातीपासून त्याची ओळख 'धाऊ देशांचा महोत्सव' अशी राहिली आहे. धाऊ म्हणजे शिडाचं गलबत. मोसमी वाऱ्यांवर ही गलबतं ज्या किनाऱ्यांना जोडत होती ते सगळे देश यात येतात: पूर्व आफ्रिका, अरबस्तान, इराण, पाकिस्तान, भारत आणि हिंदी महासागरातली बेटं. त्यामुळे भारतीय सिनेमा इथे परका ठरत नाही, तो महोत्सवाच्या मूळ नकाशातच आहे. अर्थात इतर देशांचे सिनेमेही दाखवले जातात. मुख्य पुरस्काराचं नाव गोल्डन धाऊ.

गोव्याचा इफ्फी किंवा पुण्याचा पिफ पाहिलेल्या माणसाला इथे काय वेगळं वाटेल?

आकार आणि जागा. इफ्फीला शेकडो सिनेमे, मल्टिप्लेक्सचे पडदे, ॲपवरचं आरक्षण आणि रांगा असतात. झिफ त्या मानाने खूपच लहान. त्याचा जीव संध्याकाळच्या उघड्यावरच्या खेळांत आहे. ते ओल्ड फोर्टच्या आवारातल्या खुल्या नाट्यगृहात होतात. पोर्तुगीजांना हुसकावल्यानंतर ओमानी अरबांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस हा किल्ला बांधायला घेतला. स्थानिक लोक त्याला न्गोमे कोंग्वे म्हणतात.

जगभर गाजलेले नवे सिनेमे सगळ्यांच्या आधी पाहायचे असतील, तर इतक्या लांब येण्यात अर्थ नाही. ते गोव्यात किंवा मुंबईत जास्त मिळतील. स्वाहिली भाषेतले सिनेमे, टांझानिया, केनिया, युगांडातल्या तरुण दिग्दर्शकांचे लघुपट, बेटांवरचे माहितीपट आपल्याकडे जवळपास कुठेच पाहायला मिळत नाहीत. ते त्यांच्याच प्रेक्षकांबरोबर बसून पाहायचे असतील तर मात्र जरूर या. कार्यक्रमपत्रिकेत निवड करताना आमचा आग्रह असा, की स्वाहिली सिनेमा आणि एखादा युरोपीय सिनेमा एकाच वेळी असेल तर डोळे झाकून स्वाहिली निवडा. युरोपीय सिनेमा पुढे कुठेतरी सापडेल, हा बहुधा सापडणार नाही.

महोत्सव कधी असतो?

साधारण जून ते ऑगस्ट या पट्ट्यात, पण तारखा दरवर्षी सरकतात. २०२३ साली तो जूनच्या अखेरीस सुरू झाला, २०२४ साली ऑगस्टच्या सुरुवातीला झाला, तर २०२५ साली पुन्हा जूनच्या अखेरीस. लांबीही बदलली आहे. पूर्वी तो आठ-दहा दिवस चालायचा, अलीकडे चार-पाच दिवसांत आटोपतो. जुन्या प्रवासवर्णनांतल्या 'जुलैचा पहिला आठवडा' या माहितीवर विसंबून विमानाची तिकिटं काढणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. त्या वर्षीच्या तारखा महोत्सवाच्या अधिकृत संकेतस्थळावर जाहीर झाल्याशिवाय परतावा न मिळणारं तिकीट काढू नका.

आणखी एक गल्लत नेहमी होते. फेब्रुवारीत याच किल्ल्यात 'साउटी झा बुसारा' हा संगीत महोत्सव भरतो. तो वेगळा आहे.

व्हिसा लागतो का?

भारतीय पासपोर्टवर लागतो. झांझिबार हा टांझानियाचाच अर्धस्वायत्त भाग असल्याने टांझानियाचा व्हिसा चालतो, बेटासाठी वेगळा काढावा लागत नाही. सोपा मार्ग ई-व्हिसाचा. एकदा प्रवेशाच्या साध्या व्हिसाचं शुल्क ५० अमेरिकी डॉलर आहे. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. पासपोर्टच्या पहिल्या पानाची स्पष्ट प्रत, फोटो आणि परतीचं तिकीट अपलोड करावं लागतं.

अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक म्हणजे पासपोर्टवरचं नाव आणि अर्जातलं नाव वेगळं असणं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये घालायची सवय असते. पासपोर्टवर जसं छापलं आहे अगदी तसंच लिहा. दुसरं म्हणजे फोटो किंवा पासपोर्टची प्रत अंधूक असणं. सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या खाजगी साइटही आहेत, त्या दुप्पट पैसे घेतात. पत्त्यात टांझानियाच्या सरकारी डोमेनचं नाव आहे का ते पाहूनच कार्ड वापरा. निघण्याच्या किमान तीन-चार आठवडे आधी अर्ज करा.

आणि झांझिबारचा सक्तीचा विमा काय आहे?

१ ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारमध्ये येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना तिथल्या सरकारी विमा कंपनीचाच प्रवास विमा घ्यावा लागतो. प्रौढांसाठी तो ४४ डॉलरचा आहे. तुम्ही भारतात काढलेला प्रवास विमा कितीही चांगला असला तरी त्याच्या बदल्यात चालत नाही. घरी बसूनच ऑनलाइन भरा आणि पावतीची छापील प्रत जवळ ठेवा, नाहीतर विमानतळावर उतरल्यावर रांग आणि कार्ड यंत्र या दोन्हींशी झगडावं लागतं. म्हणजे व्हिसा धरून माणशी ९४ डॉलर हा न टळणारा खर्च आहे.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस घ्यावी लागते का?

तुम्ही कुठून विमान बदलता यावर ते अवलंबून आहे, आणि याच ठिकाणी लोकांची सर्वांत जास्त फसगत होते. भारतातून थेट टांझानियाला जाणाऱ्याकडे टांझानिया लसीचं प्रमाणपत्र मागत नाही. पण मुंबईहून निघालेले बरेच प्रवासी अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जातात आणि इथिओपिया, केनिया हे दोन्ही देश पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहेत. तिथल्या विमानतळावर मुक्काम लांबला, विमान रद्द झालं, रात्र काढावी लागली, की प्रश्न उभा राहतो. येताना भारताचे नियम तर आणखी कडक आहेत. यादीतल्या देशातून प्रमाणपत्राशिवाय आलेल्या माणसाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं.

तेव्हा आमचा स्पष्ट सल्ला: लस घ्या. ती फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते. मुंबई-पुण्यात अशी केंद्रं आहेत, पण ठरावीक वारीच लस देतात आणि आधी नाव नोंदवावं लागतं. प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून वैध होतं आणि पुढे आयुष्यभर चालतं. अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी, गर्भवतींनी आणि साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. हिवतापाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारून घ्या.

मुंबईहून कसं जायचं?

दोन रस्ते आहेत. एक, अदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलून सरळ झांझिबारच्या अबेद अमानी करुमे विमानतळावर. तिथून स्टोन टाउन सात-आठ किलोमीटर. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवा, मीटर नसतो.

दुसरा, मुंबई ते दार एस सलाम (टांझानियाच्या मुख्य भूमीवरचं बंदरशहर, थोडक्यात 'दार') आणि पुढे बोट. अझाम मरीनच्या जलद बोटी साधारण दोन तासांत पोचवतात आणि परदेशी प्रवाशाला साध्या वर्गाचं तिकीट ३५ डॉलरला पडतं. शेवटची बोट दुपारी चारच्या आसपास सुटते. दारचा विमानतळ ते बंदर हे अंतर फार नाही, पण तिथली वाहतूक मुंबईची आठवण करून देणारी आहे. विमान उतरणं आणि बोट सुटणं यात तीन तासांहून कमी वेळ असेल तर त्या दिवशी दारमध्येच मुक्काम धरा. बंदराबाहेर 'तिकीट माझ्याकडे आहे' म्हणत धावत येणाऱ्यांना काही देऊ नका. तिकीट ऑनलाइन किंवा कंपनीच्या खिडकीवरच घ्या. बोटीतून उतरल्यावर झांझिबारचे अधिकारी पुन्हा पासपोर्ट पाहतात, म्हणून तो सामानाच्या तळाशी ठेवू नका.

जून ते ऑगस्टमध्ये आग्नेयेकडून कुसी नावाचा वारा वाहतो आणि मधला समुद्र खवळलेला असतो. बोट लागत असेल तर गोळी बोट सुटण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारशी उपयोगाची नसते. मागच्या बाजूला, खालच्या मजल्यावर बसलं तर हेलकावे कमी जाणवतात.

राहायचं कुठे?

स्टोन टाउनमध्येच. हे ठामपणे सांगतो, कारण झांझिबार म्हटलं की लोक उत्तर टोकाच्या नुंग्वीला किंवा पूर्व किनाऱ्यावरच्या पाजेला समुद्राकाठचं हॉटेल घेतात. तिथून स्टोन टाउनला यायला सव्वा ते दीड तास लागतो. रात्री अकराला सिनेमा संपल्यावर टॅक्सीचं भाडं खोलीच्या भाड्याच्या जवळपास जातं आणि दुसऱ्या दिवशी माणूस महोत्सवाला जायचं टाळायला लागतो. समुद्रकिनारा महोत्सवानंतर दोन-तीन दिवस वेगळा ठेवा.

शांगानी, हुरुमझी, किपोंडा, म्कुनाझिनी हे भाग किल्ल्यापासून चालत जाण्याजोगे आहेत. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की गाडी हॉटेलच्या दारापर्यंत जात नाही. चाकांची मोठी बॅग फरसबंदीवर ओढताना जीव जातो, त्यामुळे पाठीवरची पिशवी बरी. जुन्या घरांचे जिने उभे आहेत आणि लिफ्ट क्वचितच असते. गुडघ्यांचा त्रास असेल तर खालच्या मजल्यावरची खोली मागा. जुलै-ऑगस्ट हा पर्यटनाचा भर हंगाम, म्हणून तारखा कळताच खोली धरा. पर्यटकांकडून दर रात्री माणशी घेतला जाणारा कर भाड्यात धरला आहे का, हे आधीच विचारून घ्या.

पैसे कोणते न्यायचे?

चलन टांझानियन शिलिंग. रुपये कुठेच बदलून मिळत नाहीत असं समजूनच निघा. एक ऐतिहासिक गंमत अशी, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झांझिबारचं स्वतःचं चलन रुपयेच होतं, भारताशी व्यापार इतका घट्ट होता. आज डॉलर न्या आणि तिथे शिलिंग करून घ्या. २००९ च्या आधी छापलेल्या, फाटक्या, शाईने लिहिलेल्या डॉलरच्या नोटा घेत नाहीत किंवा कमी दराने घेतात. शंभर आणि पन्नासच्या कोऱ्या नोटांना दर चांगला मिळतो. २०२५ पासून टांझानियात देशांतर्गत व्यवहार परकी चलनात करायला बंदी आली आहे, म्हणून हॉटेल-जेवणाचे पैसे शिलिंगमध्येच द्यायची तयारी ठेवा.

स्टोन टाउनमध्ये एटीएम आहेत. बऱ्याच यंत्रांतून एका वेळी साधारण ४ लाख शिलिंगच निघतात आणि प्रत्येक वेळी शुल्क कापलं जातं. शनिवार-रविवारी यंत्रं रिकामी होतात, शुक्रवारी सकाळीच पैसे काढून ठेवा. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर सुरू करायला विसरू नका.

प्रवेशिका, पास यांचं काय?

पद्धत आणि दर दरवर्षी नव्याने ठरतात. सर्वसाधारणपणे दिवसाचे खेळ, चर्चा, कार्यशाळा यांना मुक्त किंवा नाममात्र प्रवेश असतो आणि किल्ल्यातल्या संध्याकाळीच दारावर तिकीट लागतं. स्थानिकांना आणि परदेशी पाहुण्यांना वेगळे दर असतात. त्यावरून वाद घालू नका; स्थानिक माणसाला परवडलं नाही तर हा महोत्सव महोत्सवच राहणार नाही. दोनपेक्षा जास्त संध्याकाळी जाणार असाल तर पूर्ण महोत्सवाच्या पासची चौकशी करा. उद्‌घाटनाला आणि पुरस्कार सोहळ्याला गर्दी होते, तास-दीड तास आधी पोचा.

छापील वेळापत्रकावर किती भरवसा ठेवायचा?

सिनेमा कोणता, यावर पुष्कळ. किती वाजता, यावर थोडा कमी. उशीर का होतो हे कळलं की चिडचिड होत नाही. विषुववृत्ताजवळ असल्याने जून-जुलैत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि संधिप्रकाश आपल्यापेक्षा लवकर सरतो. तरी सातच्या आत उघड्यावरच्या पडद्यावर चित्र नीट दिसत नाही. मगरिब आणि इशाच्या नमाजाच्या अजानी याच वेळात होतात, तेव्हा ध्वनिचाचण्या आणि भाषणं थांबतात. मग पाहुण्यांची स्वागतं. दुपारी विजेने दगा दिला असेल तर सगळं पुढे सरकतं. रोज सकाळी किल्ल्याच्या दारावर लागलेला दिवसाचा तक्ता पाहणं हा खात्रीचा उपाय.

वेळेच्या बाबतीत आणखी एक मोठा घोटाळा. स्वाहिली बोलणारे लोक दिवस सकाळी सहापासून मोजतात. 'सा मोजा' म्हणजे पहिला तास, घड्याळात सात. 'सा म्बिली उसिकु' म्हणजे शब्दशः रात्रीचे दोन, पण घड्याळात रात्रीचे आठ. छापील पत्रिकेत वेळ आपल्या घड्याळाप्रमाणेच असते. मात्र कुणी स्वाहिलीतून सांगितली तर त्यात सहा मिळवा किंवा बोटाने घड्याळात दाखवायला सांगा. टांझानियाची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, घरी फोन करताना लक्षात असू द्या.

किल्ल्यातल्या खेळाला जाताना बरोबर काय घ्यावं?

बसायला गोलाकार पायऱ्या आहेत, पाठ टेकायला काही नाही. दोन तासांच्या सिनेमासाठी एक घडीची उशी किंवा जाड चादर न्या. पाठदुखी असलेल्यांनी वरची, भिंतीलगतची जागा पकडावी. रात्री तापमान २०-२२ अंशांपर्यंत उतरतं आणि समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून पातळ स्वेटर किंवा शाल हवीच. डासांचं मलम घोट्यांना लावा, पायऱ्यांवर बसल्यावर डास तिथेच चावतात. छोटी विजेरी, पाण्याची बाटली. ओल्ड फोर्ट समुद्राला इतका लागून आहे, की एखादी सर अवचित येऊन जाते. हा कोरडा हंगाम असला तरी कॅमेऱ्यासाठी प्लास्टिकचं आवरण ठेवा.

प्लास्टिकच्या पिशव्या मात्र नेऊ नका. टांझानियात १ जून २०१९ पासून त्यांना बंदी आहे आणि झांझिबारमध्ये त्याच्याही आधीपासून. किराणा दुकानाची पिशवी विमानतळावर काढून घेतली जाऊ शकते. बाटल्या-ट्यूबांसाठीची झिपवाली पारदर्शक पिशवी चालते.

चार्जरसाठी ब्रिटिश पद्धतीच्या तीन चौकोनी पिनांचा ॲडाप्टर लागतो. आपल्या गोल पिना बसत नाहीत. दाब २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, म्हणजे उपकरणं चालतात.

कपडे कसे घालावेत? एकट्या बाईला तिथे सुरक्षित वाटेल का?

स्टोन टाउनची वस्ती बहुसंख्य मुस्लिम आणि परंपरा मानणारी आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, पुरुषांनीही. सलवार-कुर्ता उत्तम, साडीही छान. समुद्रावरचे कपडे गावात घालून फिरणं तिथल्या लोकांना मनापासून खुपतं.

दिवसा फिरायला अडचण नाही. रात्रीचा खेळ संपल्यावर एकट्याने गल्लीबोळांतून जाऊ नका, हॉटेल त्याच दिशेला असलेल्या लोकांबरोबर निघा. मोबाइल हातात धरून नकाशा पाहत चालणं टाळा, हिसकावण्याचे प्रकार होतात. मागे लागणाऱ्या फुकटच्या वाटाड्यांना 'हापाना, असांते' म्हणजे 'नको, आभारी आहे' एवढं पुरतं. बंदर, पोलीस ठाणं, सरकारी कचेऱ्या यांचे फोटो काढू नका. ड्रोन परवान्याशिवाय उडवू नका. माणसांचे फोटो विचारूनच काढा.

शाकाहारी माणसाची सोय होते का?

चांगली होते, फक्त नेमकं विचारावं लागतं. गुजराती आणि कच्छी व्यापाऱ्यांची वस्ती इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहे, त्यामुळे भारतीय जेवण मिळतं. पण स्थानिक जेवण सोडू नका. नारळाच्या दुधात शिजवलेला घेवडा म्हणजे माहारागे या नाझी, नारळी भात, म्चिचा म्हणजे आपल्या माठासारख्या पालेभाजीची भाजी, चपाती, मांदाझी म्हणजे तळलेला गोडसर पाव हे रोजचे पदार्थ आहेत. कोकणातल्या माणसाला या चवी पहिल्या घासाला ओळखीच्या वाटतील. उरोजो ही कैरी-लिंबाची आंबट पातळ आमटी, त्यात भजी, बटाटा, कसाव्याचे काप घालतात. पण वरून मांस आणि अंडंही घालतात.

'बिला न्यामा' म्हणजे मांसाशिवाय. एवढं म्हणून मात्र भागत नाही, कारण न्यामा म्हटल्यावर कोंबडी आणि मासे धरले जातीलच असं नाही. म्हणून 'बिला कुकू, बिला समाकी, बिला याई' म्हणजे कोंबडी, मासा, अंडं नको, असं सगळं सांगा. किल्ल्यासमोरच्या फोरोधानी बागेत संध्याकाळी खाण्याच्या गाड्या लागतात. तिथला झांझिबार पिझ्झा भाज्यांचा मागितला तरी बांधणीला अंडं फोडतात, तेव्हा आधीच सांगा. मासे खाणाऱ्यांनी भाव आधी ठरवावा आणि काडीला टोचून मांडून ठेवलेल्या माशांपेक्षा तुमच्यासमोर ताजं भाजून देतील तेच घ्यावं. नळाचं पाणी पिऊ नये.

आमचा मराठी सिनेमा पाठवता येईल का?

येईल. प्रवेशिका ऑनलाइन मंचावरून मागवल्या जातात, संवाद इंग्रजीत नसतील तर इंग्रजी उपशीर्षकं लागतात. कथापट, माहितीपट, लघुपट असे गट असतात. कोणत्या गटात किती लांबी चालते ते त्या वर्षीच्या नियमांत पाहा. मुदतीचे टप्पे असतात, पहिल्या टप्प्यात शुल्क कमी पडतं.

कोणते सिनेमे इथे जिव्हाळ्याने पाहिले जातात? आमच्या मते समुद्र, बंदर, मासेमारी, स्थलांतर, बेट आणि शहर यांतली ओढाताण, बायकांचं काम, लोकसंगीत. दर्यावर्दी कोकणातल्या गोष्टींना याहून समजूतदार प्रेक्षक परदेशात मिळणं कठीण. हिंदी सिनेमा इथल्या जुन्या चित्रपटगृहांत कित्येक दशकं चालला आहे आणि ताराब या तिथल्या पारंपरिक गायन-वादन शैलीवर त्याच्या गाण्यांचा ठसा आहे. ताराबच्या थोर गायिका सिती बिंती साद यांचं ध्वनिमुद्रण १९२८ साली मुंबईत झालं होतं, हे तर आपल्याकडे अधिक लोकांना ठाऊक असायला हवं.

पाठवण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, आफ्रिकेतलं पहिलं प्रदर्शन; ते आपल्याकडे व्हावं असं महोत्सवांना वाटू शकतं. तुम्हाला दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या महोत्सवालाही जायचं असेल तर आधी कुठे दाखवायचं याचा विचार करा. दुसरी, आशय. बेटावर चित्रपट प्रदर्शनावर 'बसफू' या सरकारी कला व सेन्सॉर मंडळाची नजर असते. नग्नता किंवा समलैंगिक संबंध मध्यवर्ती असलेला सिनेमा अडू शकतो. समलैंगिक संबंध तिथे कायद्याने गुन्हा आहेत. असा सिनेमा असेल तर कलाकारांच्या सुरक्षिततेसकट आयोजकांशी आधी मोकळेपणाने बोला.

निवड झाली. प्रत कोणत्या स्वरूपात द्यावी?

आयोजक सांगतील ती मुख्य प्रत द्या, पण बरोबर एक साधी, कुठेही चालेल अशी प्रत स्वतः घेऊन जा. पूर्ण एचडी, एच.२६४ (चित्र दाबून साठवायची सर्रास वापरातली पद्धत), साधारण २० मेगाबिट प्रति सेकंद. १०० मिनिटांच्या सिनेमाची ही फाइल सुमारे १५ जीबीची होते. 'तिथे जाऊन वायफायवरून पाठवू' असं ठरवू नका: ५ मेगाबिटच्या जोडणीवर तेवढ्या फाइलला साडेसहा तासांहून जास्त लागतात, तेही मध्ये वीज गेली नाही तर. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा, कारण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. दोन पेनड्राइव्ह, दोन वेगळ्या बॅगांत.

आवाज हा सर्वांत मोठा खड्डा आहे. फक्त ५.१ (सहा चॅनलचं) मिश्रण दिलं आणि तिथली यंत्रणा दोनच स्पीकरांवर चालत असली, तर मधल्या चॅनलमधले संवाद गायब होतात; संगीत आणि पक्ष्यांचे आवाज तेवढे ऐकू येतात. स्टिरिओ मिश्रण वेगळं करून फाइलमध्ये तेच ठेवा. उघड्यावर वारा, गर्दी आणि रस्ता यांत कुजबुजीचे संवाद बुडतात. मिश्रण करताना संवाद थोडे वर घेतलेली प्रत केली तर उत्तम.

उपशीर्षकं चित्रातच छापून टाका. वेगळ्या फाइलमधली उपशीर्षकं काही यंत्रांवर दिसतच नाहीत आणि मराठी सिनेमा उपशीर्षकांविना संपला तर ती संध्याकाळ वाया जाते. एका वेळी दोनच ओळी, ओळीत चाळीसेक अक्षरं, पांढऱ्या अक्षरांना बारीक काळी कड, आणि पडद्याच्या अगदी तळाशी नको.

अंधारातली दृश्यं उघड्यावर काळवंडतात, कारण बागेचे आणि रस्त्याचे दिवे पडद्यावर येतात. सिनेमा मुख्यतः रात्रीचा असेल तर उशिराची वेळ मागा किंवा बंदिस्त सभागृह विचारा. खेळाच्या दिवशी दुपारी पहिली पाच मिनिटं, मधली पाच आणि शेवटची श्रेयनामावली चालवून पाहण्याचा आग्रह धरा. आवाज आणि चित्र यांचा मेळ सुटत असेल तर तो शेवटी सर्वांत जास्त दिसतो.

वीज गेली तर?

जनरेटर असतो, खेळ थोडा थांबून पुढे चालू होतो. झांझिबारला वीज समुद्राखालच्या केबलने मुख्य भूमीवरून येते. २००९ च्या डिसेंबरपासून २०१० च्या मार्चपर्यंत ती केबल निकामी झाल्याने सबंध बेट अंधारात होतं. त्यानंतर क्षमता वाढवली गेली, तरी छोटे खंड होतात. दिग्दर्शकाने आपला सिनेमा कितव्या मिनिटाला थांबला ते लिहून ठेवावं. पुन्हा सुरू करताना चालवणाऱ्याला नेमकी जागा सांगता येते.

निर्मितीसाठी पैसे, सहनिर्माते शोधायचे आहेत. झिफ योग्य की डर्बन?

त्यासाठी डर्बन. दक्षिण आफ्रिकेतल्या त्या बंदरशहरातला महोत्सव १९७९ पासूनचा, क्वाझुलू-नाताल विद्यापीठाच्या सर्जनशील कला केंद्राने वाढवलेला. त्याच काळात भरणारी डर्बन फिल्ममार्ट २०१० पासून सहनिर्मितीचे व्यवहार घडवते. झिफमध्येही ओळखी होतात, आणि त्या जास्त निवांत होतात, पण करारांची अपेक्षा धरून येऊ नका.

महोत्सवाच्या मधल्या वेळात काय पाहावं?

स्टोन टाउन २००० साली जागतिक वारसा यादीत आलं. नक्षीदार दरवाजे पाहत फिरा. त्यांतल्या पितळी खिळ्यांच्या दरवाजांवर भारतीय कारागिरीची छाप आहे. थारिया तोपन या भारतीय व्यापाऱ्याने बांधवलेला जुना दवाखाना आवर्जून पाहा. किल्ल्याशेजारची 'हाउस ऑफ वंडर्स' ही सुलतानाची प्रसिद्ध इमारत २५ डिसेंबर २०२० रोजी अंशतः कोसळली, त्यामुळे जुन्या माहितीपत्रकांत तिथले कार्यक्रम दिसले तरी ते धरून चालू नका. 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचा जन्म इथला, १९४६ चा, आणि शाळा आपल्या पाचगणीची; शांगानीत त्यांचं छोटं संग्रहालय आहे. गुलामांच्या बाजाराच्या जागेवरचं चर्च आणि तळघर पाहायला सकाळ राखून ठेवा, सिनेमाच्या दोन खेळांच्या मधल्या घाईत तिथे जाऊ नये.